एका लॉटवर गावभराची तक्रार: दुकानदार कुठवर अडकतो?

कृषी केंद्र, चोपडा
समजा, कपाशीच्या एका लॉटची उगवण झाली नाही आणि एका शेतकऱ्याने साऱ्यांच्या वतीने जळगावच्या ग्राहक आयोगात तक्रार टाकली. बियाणं कंपनीचं, पाकीट सीलबंद. तरी आम्ही अडकतो का? आणि ते 25 टक्क्यांचं कलम काय आहे?

वकील, जळगाव
भाऊ, साऱ्यांच्या वतीने तक्रार करायला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 35 खाली आयोगाची परवानगी लागते. सगळ्यांचं हित एकच आहे हे अर्जात दाखवावं लागतं. ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर बोट ठेवलं. म्हणून हरकत परवानगीच्या वेळीच घ्या: कुणी ठिबकवर लावलं, कुणी कोरडवाहूत, मग कारण एकच कसं? एकदा परवानगी मिळाली की एकट्या तक्रारदाराला पैसे देऊन प्रकरण मिटत नाही, तडजोडीआधी बाकीच्यांनाही नोटीस जावी लागते.

खरा घात मुदतीत होतो. तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाली की जबाबाला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये तसं ठरवलंय. कंपनीचा वकील बघेल म्हणून थांबू नका.

25 टक्के म्हणजे विकलेल्या सदोष मालाच्या किमतीच्या किमान तेवढी रक्कम. जुन्या कायद्यात किमान 5 टक्के होती. पण ती, नुकसान झालेले ग्राहक पुष्कळ असून सहज ओळखता येत नसतील तेव्हाच. बिलावर नाव-गाव असेल तर तुमचा बचाव तिथूनच सुरू होतो.

बियाणे विक्रेता, शहादा
त्याच कायद्याचं कलम 86 नीट वाचा दादा. उत्पादक कोण ते कळत नसेल, मालात तुम्ही फेरफार केला असेल किंवा कंपनीपलीकडची हमी स्वतः दिली असेल, तर विक्रेता म्हणून जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणजे पाकीट फोडून सुटं विकू नका. "उगवण माझी जबाबदारी" असा व्हॉट्सॲप मेसेज तर अजिबात नको. बिलावर वाण आणि लॉट नंबर पाकिटावरून जसाच्या तसा उतरवा.

तक्रार आली की बियाण्याच्या तक्रारी तपासणाऱ्या तालुका समितीच्या पाहणीला हजर राहा. पेरणीची तारीख, खोली, ओल पंचनाम्यात येऊ द्या. त्याच लॉटची सीलबंद पाकिटं शिल्लक असतील तर जपून ठेवा. शेतकऱ्याचं बियाणं जमिनीत गेलेलं असतं, त्याच्याकडे नमुना मागून उपयोग नाही.

कृषी केंद्र, चोपडा
उधारीच्या गिऱ्हाइकाचं काय? हंगामात निम्मा माल वहीवरच जातो.

वकील, जळगाव
त्यालाही बिल द्या. 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार रोख असो की उधार, पावती द्यावीच लागते.