परदेशी कॉलेजच्या गावात घर शोधताना: तुमचे अनुभव सांगा

खिडकीपाशी:
काल भाचीचा फोन. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला एमएस करतेय, दुसरं वर्ष. घर मिळालंय पण "मामी, एक रात्र कुठे झोपू?" जुनं लीज १४ ऑगस्टला दुपारी १२ ला संपतं, नवीन १५ ला दुपारी १२ ला सुरू. कॅम्पसच्या आसपासची बहुतेक घरं त्याच दोन दिवसांत बदलतात, मधल्या चोवीस तासांत मालकाला साफसफाई उरकायची असते. मला हसूच फुटलं, कारण २००७ मध्ये त्याच गावात ती रात्र मी दोन बॅगा आणि एक उशी घेऊन लॅबमधल्या खुर्चीत काढलीये. रात्री अडीचला सफाईवाले काका आले, दिवा लावला, मला बघितलं आणि काही न बोलता दिवा बंद करून गेले. सकाळी फुटपाथभर सोफे, टेबलं, गाद्या. लोक सगळं टाकून जातात, त्याला तिथे हिप्पी ख्रिसमस म्हणतात. माझं पहिलं टेबल तिथलंच, एक पाय आखूड, त्याखाली थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक (तेवढाच त्याचा उपयोग झाला).
तुम्ही कसं शोधलंत घर? रडगाणीही चालतील.

खडूस बोका:
घर कसलं, आम्ही स्पॉट शोधायचो स्पॉट, म्हणजे अंग टाकण्यापुरती जागा. अर्बाना शॅम्पेन, इलिनॉय युनिव्हर्सिटीचं गाव, दोन बेडरूम, पाच पोरं, मी हॉलमध्ये पडद्याआड. पडदा म्हणजे आईने दिलेली चादर. लीजवर नावं फक्त दोन, त्यामुळे इन्स्पेक्शनच्या दिवशी आम्ही तिघं बिनलीजवाले लायब्ररीत अभ्यास करायचो, सेमिस्टरमधला तेवढाच अभ्यास. मात्र आयकार्ड दाखवलं की बस फुकट म्हणून लांब राहिलेलं परवडायचं.

निवांत:
इथाका, कॉर्नेल युनिव्हर्सिटीचं गाव. नकाशावर बघितलं, युनिव्हर्सिटी सव्वा किलोमीटर, म्हटलं चालत जाऊ. नकाशा सपाट असतो हो! युनिव्हर्सिटी टेकडीवर आणि घर खाली गावात. जानेवारीत बर्फातून वर जाताना रोज एकदा बसायचोच, मनात नसताना.

पोहेवाली:
@निवांत 😂😂 बसायचोच
मी भारतातूनच ऑनलाइन बुक करायला निघाले होते. सुंदर घर, भाडं निम्मं, मालक म्हणे कामानिमित्त परदेशात आहे, डिपॉझिट वायर करा, किल्ली कुरियरने पाठवतो. बाबा खुश, माणूस सज्जन वाटतो म्हणाले, किती छान इंग्रजी. एका सीनियर दादाने तेच फोटो शोधून दाखवले, भलत्याच शहरातल्या विक्रीच्या घराचे. पैसे वाचले पण बाबा अजून म्हणतात, तो खरा असेल बिचारा.

सातबारा:
आयडीवरून ओळखलं असेलच. क्रेडिट स्कोअर? नाही. सोशल सिक्युरिटी नंबर? अजून आला नाही. अमेरिकेतला को-सायनर, म्हणजे जामीन राहणारा? कोण ओळखतंय मला. ऑफिसातली बाई विचारत होती, मग तुमच्याकडे आहे तरी काय, तोंडावर आलं होतं की चार एकर आहे गावाकडे, उतारा दाखवू का. शेवटी टीचिंग असिस्टंटशिपचं पत्र घेऊन एका आजीबाईंकडे गेलो, वरच्या मजल्यावरची खोली. त्यांनी पत्र वाचलंच नाही. बर्फ काढता येतो का एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. बर्फ तोवर फक्त गोळ्याचा बघितला होता.

मऊभात:
@खिडकीपाशी टेबल ठीक आहे पण भाचीला सांगा फुटपाथवरची गादी कध्धी उचलू नको!!! ढेकूण!!! आम्ही उचलली. आठ महिने.

खडूस बोका:
@मऊभात आठ महिने गादी की ढेकूण?

मऊभात:
गादी तिसऱ्या दिवशी फेकली. बाकी तुम्ही समजून घ्या.

पोहेवाली:
ढेकणांवर खरंच काही उपाय आहे का, माझ्या मुलाच्या हॉस्टेलवर झालेत, इथे विचारते सॉरी

मऊभात:
@पोहेवाली कपडे, चादरी ड्रायरमध्ये एकदम गरमवर अर्धा तास तरी. बाकी पेस्ट कंट्रोलवाल्यालाच बोलवा, घरगुती फवारण्यांनी ते नुसते शेजारच्या खोलीत जातात आणि शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात.

चष्मा हरवला:
उशिरा आले, कुकर लावून लिहितेय. विस्कॉन्सिनमध्ये आत शिरल्यापासून ७ दिवसांत जे जे मोडलंय ते मालकाला लिहून द्यायचं असतं, तेवढं भाचीकडून करून घ्या. मी लाजेने दिलं नाही, घर छानच आहे म्हटलं, उगाच कशाला. वर्षाने कार्पेटवरचा डाग माझ्या नावावर. तो डाग इस्त्रीच्या आकाराचा होता आणि माझ्याकडे इस्त्रीच नव्हती! घर सोडल्यावर मालकाने डिपॉझिट २१ दिवसांत परत द्यायचं किंवा काय कापलं ते लेखी कळवायचं असा नियम आहे. मला यादी मात्र वेळेवर आली.
शिट्टी झाली, येते.

निवांत:
@खिडकीपाशी २००७ ला मॅडिसन? मीही दोन महिने होतो तिथे, सबलीजवर (दुसऱ्या भाडेकरूच्या जागी तात्पुरता), तळ्याच्या बाजूला. ते सफाईवाले काका उंच, शीळ घालणारे का?

खिडकीपाशी:
@निवांत अय्या हो! शीळ!! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.
सगळ्यांना धन्यवाद, भाचीला लिंक दिली. गादी नाही उचलणार म्हणाली. १४ च्या रात्रीचं पण तिने जमवलंय, सामानासाठी ट्रक भाड्याने घेतलाय, दोघी मैत्रिणी पुढच्या सीटवरच झोपणार. आईला सांगू नको म्हणाली.
वन्सं, तुम्ही हे वाचलेलं नाही.