प्रतिसाद: काना-मात्राही मोजल्या जातात

वरच्या चर्चेत म्हटलंय की जोलिएटमध्ये (सीडी-डीव्हीडीवर फाइलींची नावं नोंदवायची एक पद्धत) फाइलच्या नावाला ६४ अक्षरं मिळतात, तेवढी कुणालाही पुरेत. इंग्रजी नावांपुरतं मान्य. देवनागरीत गणित बिघडतं, कारण तिथे काना, मात्रा, वेलांटी, एवढंच काय पाय मोडायची खूणसुद्धा वेगळी मोजली जाते. 'वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त' हे डोळ्यांना १६ अक्षरं दिसतं, डिस्कच्या हिशेबात स्पेस धरून ३३ होतात. एक्स्टेन्शनही (नावाच्या शेवटचं .pdf वगैरे) त्या ६४ मध्येच.

ठाण्यात वर्तकनगरला आमच्या सोसायटीचं जुनं दप्तर स्कॅन करून डीव्हीडीवर घालायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. आधीच्या सेक्रेटरींनी प्रत्येक फाइलला सोसायटीचं अख्खं नाव, मग हे 'वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त' आणि सगळ्यात शेवटी साल असं दिलेलं. बर्निंगच्या प्रोग्रॅमने नावं कापली, नेमकी सालं उडाली आणि पुढे ००१, ००२ चिकटले. कुठल्या वर्षीची सभा ते कळायला एकेक पीडीएफ उघडत बसलो, रविवार गेला. (चहा मात्र सेक्रेटरींच्या घरून आला, नाही कशाला म्हणा.)

'यूडीएफ (डिस्कवर फाइली नोंदवायची दुसरी पद्धत) घ्या, नावाला २५५ मिळतात' हा सल्लाही अर्धाच खरा. ते २५५ बाइट (साठवणुकीचं माप) आहेत, अक्षरं नव्हेत. तिथे देवनागरीतल्या एकेका अक्षर-खुणेला दोन बाइट लागतात, म्हणजे हाती १२७. तरी तेवढ्यात आमचं काम भागलं. साल मात्र आता नावात पहिलं टाकतो.