अमेरिकेतली 'काम करा आणि शिका' कॉलेजं: ट्यूशन शून्य, मग खिशातून किती जातात?

शेवंती०४

माझी भाची बारावी सायन्सला आहे. केंटकीतल्या बेरिया कॉलेजचं नाव तिच्या सरांनी सुचवलं. ट्यूशन नाही, त्याबदल्यात आठवड्याला ठरावीक तास काम. घरची परिस्थिती बेताची, कर्ज काढायचं नाही हे ठरलेलं. अशा ठिकाणी खरोखर किती खर्च येतो? कामाच्या पगारात भागतं का? आणि फाफ्सा नावाचा, तिथल्या सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म आपल्याला भरता येतो का?

रानवाट

फाफ्साचं आधी सांगतो, कारण बरेच जण तिथेच अडकतात. तो फॉर्म अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि आणखी मोजक्या गटांसाठी आहे. त्यातूनच मिळणारी 'फेडरल वर्क-स्टडी' ही शिकताना अर्धवेळ काम देणारी १९६४ पासूनची सरकारी योजना एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना लागू नाही. एखाद्या साध्या कॉलेजच्या पानावर 'वर्क-स्टडी उपलब्ध' असं दिसलं तर ते भाचीच्या हिशेबात धरू नका.

'वर्क कॉलेज' ही जातच वेगळी. तिथे काम हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे पूर्णवेळ शिकणाऱ्यांपैकी निदान निम्म्यांनी आठवड्याला किमान ५ तास काम करायला हवं. बेरियात सगळेच करतात, तेही किमान १० तास. कॉलेज १८५५ चं, आणि १८९२ पासून ट्यूशन घेत नाही.

पण ट्यूशन हा खर्चाचा एकच डबा. दुसरा राहणं-जेवण, तिसरा किरकोळ फी, आरोग्य विमा, पुस्तकं, आणि चौथा विमान तिकीट, थंडीचे कपडे, सुट्टीत कॅम्पस बंद असताना कुठे राहायचं तो खर्च. 'ट्यूशन-फ्री' म्हणजे फक्त पहिला डबा. बेरिया परदेशी मुलांना पहिल्या वर्षी ट्यूशन, राहणं, जेवण आणि फी या सगळ्याची मदत देतं. पुढच्या वर्षांत विद्यार्थ्याने वर्षाला १,००० डॉलर वाचवून घालावेत अशी अपेक्षा असते, आणि त्यासाठी उन्हाळ्यात कॅम्पसवर काम मिळतं. चौथा डबा मात्र तुमचाच.

बाकीची नावं ऐकून हुरळू नका. मिझुरीतलं कॉलेज ऑफ द ओझार्क्स आठवड्याला १५ तास आणि वर्षात ४० तासांचे दोन कामाचे आठवडे लावतं, पण परदेशी मुलांना तिथे फारच थोडी जागा. केंटकीतल्याच अ‍ॅलिस लॉइड कॉलेजची ट्यूशन-माफी अ‍ॅपलाचिया भागातल्या १०८ काउंटींमधल्या मुलांसाठी. कॅलिफोर्नियातलं डीप स्प्रिंग्ज ट्यूशन आणि राहणं-जेवण दोन्ही फुकट देतं, परदेशी मुलंही घेतं, पण ते दोनच वर्षांचं, वर्षाला जेमतेम डझनभर मुलं, आणि काम गुरं-शेतीचं, आठवड्याला २० तास. तिच्यासारखीला बेरियाच जवळचं वाटतं.

हिशेबनीस

पगाराबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. फेडरल किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. तोच दर धरला तर १० तास × ३२ आठवडे = ३२० तास, म्हणजे वर्षाला २,३२० डॉलर. यातून साबण, फोन, पुस्तकं निघतील. राहणं-जेवण निघणार नाही. अशा कॉलेजात ट्यूशन भागते ती कॉलेजच्या स्वतःच्या निधीतून आणि देणग्यांतून, पोरांच्या घामातून नव्हे.

आता ज्याकडे कोणी बघत नाही तो कर. शिष्यवृत्तीतला ट्यूशन, सक्तीची फी आणि पुस्तकांचा भाग करमुक्त. राहण्या-जेवणाचा भाग करपात्र. परदेशी विद्यार्थ्याच्या त्या भागावर कॉलेज १४ टक्के कापून घेतं आणि १०४२-एस नावाचं पत्रक देतं. समजा राहण्या-जेवणाची मदत ८,००० डॉलर, तर १,१२० डॉलर कापले. मुलांना वाटतं बिल चुकलं. तसं नसतं. भारत-अमेरिका कर-करारातल्या कलम २१ नुसार भारतीय विद्यार्थ्याला 'स्टँडर्ड डिडक्शन', म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजावट, मिळतं, जे बहुतेक देशांच्या मुलांना मिळत नाही. २०२५ साठी ते १५,७५० डॉलर. ८,००० आणि २,३२० मिळून १०,३२०, म्हणजे फेडरल कर शून्य आणि कापलेले १,१२० परत. पण १०४०-एनआर हा अनिवासींचा कर-विवरण फॉर्म भरला तरच. सोबत ८८४३ हा फॉर्म.

घोळ होतो तो असा. मित्राच्या सल्ल्याने नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून साधा १०४० भरला जातो. तो रहिवाशांचा. मग दुरुस्तीचा फॉर्म भरत बसा.

कामाच्या अटीवर मिळालेली ट्यूशन-माफी करपात्र ठरेल का, हा प्रश्न पूर्वी खरंच होता. २०१५ च्या कायद्याने वर्क कॉलेजांसाठी तो मिटवला.

पगाराच्या पावतीवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के कापलेले दिसले तर लगेच पेरोलकडे जा. एफ-१ वरच्या मुलांना पहिली पाच कॅलेंडर वर्षं ते लागू नसतं.

शेवंती०४

१४ टक्क्यांचं माहीतच नव्हतं. व्हिसाला बँकेत किती दाखवावे लागतील? तिथे गेल्यावर जादा काम घेता येईल का?

गिरकी

आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो प्रवेशाचा कागद) च्या पानावर खर्च आणि निधी असे दोन तक्ते असतात. निधीच्या बाजूला स्वतःचे पैसे, कॉलेजची मदत, इतरांकडून, आणि 'ऑन-कॅम्पस एम्प्लॉयमेंट' असे रकाने. या शेवटच्या रकान्यात कॉलेजने स्वतः जेवढा आकडा लिहिला तेवढाच धरा, मनाने वाढवू नका. दोन्ही बाजू जुळत असतील तर बँकेचा पुरावा कमी लागतो, पण मदतीचं पत्र छापून न्या. सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) फी ३५० डॉलर आणि व्हिसा अर्ज १८५, हे ५३५ डॉलर आधीच लागतात आणि परत मिळत नाहीत.

सत्र चालू असताना कॅम्पसवरची सगळी कामं मिळून आठवड्याला २० तास, त्यावर एक तासही नाही. सक्तीचे १० गेले की उरतात १०. कॅम्पसबाहेर हॉटेलात 'रोखीने' काम करायचा सल्ला कोणी दिला तर कान बंद. त्यात व्हिसाचा दर्जाच जातो. अधिकृत सुट्टीत कॅम्पसवर पूर्णवेळ काम चालतं.

पहिला पगार उशिरा होतो, हे धरून चला. अमेरिकेत उतरल्यावर साधारण १० दिवस थांबून, कॉलेजात नोंदणी झाल्यावर, सोशल सिक्युरिटी नंबरचा अर्ज करायचा. लवकर गेलात तर सरकारी यंत्रणेत नोंद दिसत नाही आणि अर्ज अडकतो. बरोबर पासपोर्ट, आय-९४ (देशात आल्याची नोंद), आय-२०, काम देणाऱ्या विभागाचं पत्र आणि परदेशी विद्यार्थी कार्यालयाचं पत्र. नंबर येईपर्यंत काम करता येतं. पण काम करायची परवानगी तपासणारा आय-९ फॉर्म काम सुरू झाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत पुरा व्हायला हवा. दीड-दोन महिन्यांचा हातखर्च घरूनच द्या.

रानवाट

एक राहिलं. बेरियात कामाचंही मूल्यमापन होतं, त्याची वेगळी गुणपत्रिका असते. दांड्या मारल्या तर कामाची प्रोबेशन, म्हणजे ताकीद देऊन देखरेख, लागते. अर्जातल्या निबंधात 'मला शिकायची ओढ आहे' एवढंच न लिहिता घरात ती काय काम करते ते लिहू दे.