झाडावरच्या स्टँडसाठी छोटी बॅग कोणती घ्यावी? मदत हवी आहे

धनुष्यबाणाने हरणाची शिकार, तीही झाडावरच्या स्टँडवरून (खोडाला बांधलेलं छोटं मचाण). २० ते २५ लिटरची बॅग पुरावी: रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र), रिलीज (धनुष्याची दोरी सोडायचा हातातला चाप), हेडलॅम्प, पाणी, सुरी आणि वर गेल्यावर घालायचं जाड जॅकेट. (धनुष्य मागाहून दोरीने ओढून घेतो, ते बॅगेला अडकवायचं नाही.)

खरी अडचण आवाजाची. नायलॉन खोडाला घासलं की खरखरतं, वेल्क्रो तर नकोच. फ्लीससारखं कापड गप्प असतं, पण भिजलं की जड होतं आणि कुसळं चिकटतात ती वेगळीच.

हुकला टांगलेली बॅग एका हाताने, काही खाली न पाडता उघडायला वरचं तोंड बरं की समोरची चेन? बॅगेचा कमरेचा पट्टा सेफ्टी हार्नेसच्या (पडू नये म्हणून अंगाला बांधायचे पट्टे) आड येतो का? वापरणाऱ्यांनी जरूर सांगा.