वाट पाहण्याच्या वेळेत लहान मुलांना कशात रमवावे?

प्रश्न

माझी मुलगी साडेचार वर्षांची आणि मुलगा अडीच वर्षांचा आहे. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, बस येईपर्यंत किंवा एखाद्या कार्यालयातले काम उरकेपर्यंत थांबायचे असले की दोन-तीन मिनिटांतच "अजून किती वेळ?" सुरू होते आणि शेवटी मी मोबाइल हातात देऊन मोकळी होते. त्याने शांतता मिळते हे खरे. परंतु आमची पाळी आल्यावर मोबाइल काढून घेताना जी रडारड होते, ती आधीच्या कुरकुरीपेक्षा मोठी असते, आणि आता तर रांग दिसताच दोघांचेही हात पुढे येतात. पिशवीभर खेळणी घेऊन फिरणे मला जमणारे नाही. काहीही सोबत न नेता हा वेळ मजेत जावा यासाठी आपण काय करता?

प्रतिसाद १ (बालवाडी शिक्षिका)

सर्वप्रथम "पाच मिनिटे थांब" असे सांगणे सोडून द्यावे, असे मी सुचवीन. घड्याळ वाचणे मुलांना साधारणपणे सहा-सात वर्षांच्या सुमारास जमू लागते. त्याआधी पाच मिनिटे काय आणि पन्नास काय, त्यांच्या लेखी दोन्ही सारखीच. त्याऐवजी जे डोळ्यांना दिसते ते सांगावे. "आपल्यापुढे चार जण आहेत" असे म्हणून मुलीला चार बोटे उभी करायला लावावीत आणि एकेक जण आत गेला की एकेक बोट मिटायला सांगावे. हिशेब तिच्या हाती आला की "किती वेळ?" हे विचारण्याऐवजी तीच आपल्याला सांगू लागते.

मधल्या वेळेसाठी तिच्या वयाला अंदाज बांधण्याचे खेळ फार आवडतात. दारातून आता बाहेर येणाऱ्या माणसाच्या पायांत चपला असतील की बूट, आपण मनात धरलेली खोलीतली निळी वस्तू कोणती, पाठीवर बोटाने काढलेले चित्र कशाचे, असे काहीही चालते. या खेळांत मोठ्यांनी अधूनमधून चुकलेच पाहिजे, आणि ते चुकणे मनापासूनचे वाटले पाहिजे.

अडीच वर्षांच्या मुलाकडून मात्र नियम पाळण्याची अपेक्षा ठेवू नये. त्याला हातापायांचे काम लागते. बटण कोणत्या मुठीत आहे ते ओळखणे, फरशीच्या रेघेवर पाय न पडू देता चालणे, आपण कुजबुजत सांगू ते नाक, कान, गुडघा पटकन दाखवणे, एवढ्यावर तो बराच वेळ रमतो. एकच खेळ वीस वेळा मागितला तर वीस वेळा खेळावा. कंटाळा आपल्याला आलेला असतो, त्याला नव्हे.

प्रतिसाद २ (दोन मुलांचा बाबा)

या विषयावरचे एक जुने संशोधन येथे उपयोगी पडेल. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांपुढे खाऊ ठेवून, थांबलात तर अधिक मिळेल, असे सांगितले होते. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार, खाऊचाच विचार करत बसलेली मुले लवकर हार मानत, तर मजेशीर गोष्टींचा विचार करणारी मुले कितीतरी जास्त वेळ थांबत. टिकून राहणारी मुले गाणी गात, स्वतःशीच बोलत, हातापायांशी खेळत. म्हणजे आपण ज्याला चुळबुळ म्हणून दटावतो, तेच त्यांचे थांबण्याचे साधन असते.

(या प्रयोगावरून मुलाचे भविष्य सांगण्याची जी हौस पुढे वाढली, तिच्याकडे दुर्लक्ष करावे. २०१८ साली अधिक मुलांच्या माहितीवरून झालेल्या पडताळणीत, घरची परिस्थिती विचारात घेतल्यावर तो संबंध बराच क्षीण झाला.)

मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेले काम. तेथे मोठ्या माणसाने आधी दोनदा दिलेला शब्द पाळला त्या गटातली मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली. ज्या गटात शब्द मोडला गेला, तेथे हा काळ सुमारे ३ मिनिटांवर आला. मुले अवघी २८ होती, तरीही तेव्हापासून मी "आलाच आपला नंबर" असे खोटे सांगणे बंद केले आहे.

प्रतिसाद ३ (आजोबा)

सूचना चांगल्या आहेत, पण प्रत्येक मिनिट मोठ्यांनीच भरायचे ठरवले, तर मोबाइलची जागा आईने घेतली एवढाच फरक पडेल. थोडा वेळ काहीच न सुचवता शेजारी बसून पाहावे. माझी नात अशीच एकदा छताचा पंखा किती वेळा कुरकुरतो ते मोजत बसली होती. तो खेळ मला सुचला नसता.

प्रश्नकर्ती

सर्वांची आभारी आहे. काल दवाखान्यात बोटे मिटण्याचा उपाय करून पाहिला. तीन बोटांपर्यंत सर्व सुरळीत चालले. मग तातडीचा एक रुग्ण मध्येच आत गेला आणि बोट मिटूनही पाळी न आल्यामुळे मुलगी रडवेली झाली. मुलगा मुठीच्या खेळात रमला, नंतर फरशीवर आडवा झाला. माझी अडचण अशी की, प्रतिसाद १ मध्ये किती जण उरले ते दाखवायला सांगितले आहे आणि प्रतिसाद २ वरून तर लक्ष दुसरीकडे वळवणे बरे असे दिसते. यांपैकी नेमके काय करावे?

प्रतिसाद १ (बालवाडी शिक्षिका)

शेवट दिसत असेल तेथे मोजावे आणि दिसत नसेल तेथे मोजूच नये. बस कधी येईल हे आपल्यालाही ठाऊक नसते. तेथे "मलाही माहीत नाही, तोवर लाल गाड्या शोधू या" एवढे खरे बोलून खेळाला लागावे. दवाखान्यात आधीच सांगून ठेवावे की एखाद्याला फार बरे नसेल तर त्याला आधी आत नेतात, आणि तसे झाल्यास मिटलेले एक बोट पुन्हा उघडायचे. बोट उघडणे हाही खेळाचाच भाग आहे असे पहिल्यापासून ठरलेले असले, तर तिला फसवणूक झाल्यासारखे वाटणार नाही. मुलगा आडवा होणे मी अपयशात धरत नाही. लोकांच्या पायांत येत नसेल, तर त्याला थोडा वेळ तसाच राहू द्यावा.