बाबाच्या तळपायाले मुंग्या, चालताना झोक जाते. दारूमुळं असंन का?

धानवाला_ब्रह्मपुरी:
राजेहो, बाबाचं वय ५४, वीसेक वर्षं झाले रोज पितात. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ले दारूबंदी झाली, २०२१ ले उठली, बाबाची मात्र एक दिवस बंद नव्हती, मोहाची भेटतच होती. आता वर्षभरापासून तळपायाले मुंग्या, रात्री आग होते म्हणून ओलं फडकं गुंडाळून झोपतात. परवा बांधीतून घरी आले तर एका पायातली चप्पल गायब, अन् बाबाले पत्ताच नाही, मायनं सांगितलं तवा खाली पाहिलं. गावातले म्हणतात वात आहे, मालीश कर.

वावरातला_पोट्टा:
शुगर चेक कर भाऊ. आमच्या मामाले तेच निघालं.

नर्सताई:
शुगर अन् बी-१२ तपासाच, दिसायला सेम दिसतं. पण दारू स्वतः नसा खराब करते, वरून पिणारा माणूस नीट जेवत नाही अन् जेवला तरी बी-१ म्हणजे थायमिन अंगी लागत नाही. पायाच्या नसा सगळ्यात लांब, म्हणून सुरुवात तळव्यापासून. तळवे रोज पाहा, काटा घुसला तरी त्यांना कळणार नाही. झोक जातो तो लहान मेंदूमुळेही असू शकतो. अन् नजर थरथरत असेल, वार-तारीख सांगता येत नसेल तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या, थायमिनची सुई लागते, गोळीनं भागत नाही. गावात नुसती ग्लुकोजची बाटल लावून घेऊ नका, थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर उलटं बिघडू शकतं.

काकाचा_पुतण्या:
अन् आजपासून बंद म्हणून घरात कोंडू नको बाप्पा. आम्ही काकाले कोंडलं, दुसऱ्या दिवशी फिट आली, तिसऱ्या दिवशी अंगावर मुंगळे चढून रायले म्हणून रात्रभर गोधडी झटकत होते, मधातच भिंतीकडे पाहून बैल हाकलत. डॉक्टर म्हणे अचानक सोडल्यानं जीवबी जाते, भरती करून औषधावर सोडवा लागते. आता सुटून ३ वर्षं झाले, आग कमी आहे, अंधारात झोक अजून जाते. काल कुठं गेलते विचारलं तर जत्रेची गोष्ट सांगतात, तीबी रंगवून. घराबाहेर पाय नाही टाकला दोन महिने.

धानवाला_ब्रह्मपुरी:
ताई, आत्ताच विचारलं आज वार कोणता. म्हणे सोमवार, बाजाराचा, थैली दे. आज गुरुवार आहे. शेजारचा ऑटो सांगतला, निघतो.