अमर चित्र कथेने मला काहीच केलं नाही. मी एकटीच आहे का?

कामाठीबाग_२१

वय २१, जन्म बडोद्याचा, घर दांडिया बाजारात, शाळा इंग्रजी माध्यमाची, सध्या बी.ए.चं शेवटचं वर्ष. परीक्षा संपली त्याच दिवशी आईने माळा आवरायला काढला आणि वरून दोन पिशव्या भरून कॉमिक्स निघाली. अर्धी बाबांची, अर्धी माझी आणि दादाची. पस्तीवाला, म्हणजे रद्दीवाला, रविवारी येणार होता. मी म्हटलं, एकदा सगळी वाचते, मग द्या. रविवार चार वेळा येऊन गेला.

आता भांडण होणार हे माहीत असून लिहिते. अमर चित्र कथेने मला काहीही केलं नाही. ३२ पानं. पहिल्या पानावर जन्म, शेवटच्या पानावर स्वर्गवास. चौकटीत राजा तलवार उपसतोय आणि वरच्या पट्टीत लिहिलंय की राजाने तलवार उपसली. अरे, दिसतंय मला! वाचून झाल्यावर गोष्ट पाठ होते, पण शाळेत सनावळ्या पाठ व्हायच्या तशी. आणि राक्षस. प्रत्येक राक्षस माझ्या रंगाचा. लहानपणी हे खटकलं नव्हतं, या एप्रिलमध्ये पान उलटताना हात थांबला.

(एक गंमत. सहावीत शाळेची सहल लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियमला गेली होती. तिथे रविवर्म्याची चित्रं पाहून मी मॅडमना ठामपणे सांगितलं होतं, 'ही सगळी कॉमिकमधून कॉपी केली आहेत.')

चाचा चौधरी वाचून हसले, दुसऱ्या दिवशी एकही गोष्ट आठवेना. नागराज, तो हिंदी सुपरहिरो, बाबांचा. अर्ध्यात सोडला, चुकीच्या वयात हातात आला असावा. मग मैत्रिणीने मांगा दिलं, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायचं जपानी कॉमिक. दोन दिवस उलट्या बाजूने वाचताना डोकं दुखलं, तिसऱ्या दिवशी रात्री तीनपर्यंत जागले. तरीही शेवटी पोटात फक्त धावल्यासारखं वाटलं, जेवल्यासारखं नाही.

आणि मग भीमायन. आंबेडकरांवरचं २०११चं चित्रांचं पुस्तक, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांची. मी इंग्रजीतून वाचलं. त्यात १९१७चं बडोदं आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर इथे नोकरीला येतात, राहायला कोणी जागा देत नाही, पारशी सराईत नाव बदलून राहतात, तिथून काठ्या घेऊन आलेले लोक त्यांना बाहेर काढतात आणि मुंबईची गाडी येईपर्यंत ते कामाठी बागेत जाऊन बसतात. कामाठी बागेत! जिथे मी छोट्या गाडीत बसायला हट्ट केलाय, उंटासारखी मान करून जिराफ शोधलाय. ते पान मी सकाळी उघडलं आणि दुपारपर्यंत पुढचं उलटलं नाही.

तुमचं काय झालं कॉमिक्स वाचून? खरं सांगा, आदर बाजूला ठेवून.

जुना_भाडेकरू

मुली, आदर बाजूला ठेवतो, राग ठेवत नाही.

मी १९७०च्या दशकात मांडवीजवळच्या वाड्यात वाढलो. शाळा गुजराती, गल्ली गुजराती, घरात मराठी फक्त आजीची आणि ती ओव्यांची. छापलेलं मराठी माझ्या हाताला कुठून लागणार? मुंबईची मावशी वेकेशनमध्ये यायची तेव्हा तिच्या ट्रंकेत मराठीतल्या अमर चित्र कथा असायच्या. मी मराठी वाचायला तिथे शिकलो. तू ज्या पट्टीची थट्टा करतेस ना, 'राजाने तलवार उपसली', त्याच पट्टीवर बोट ठेवून. 'उपसली' म्हणजे काय हे मला विचारावं लागलं नाही, कारण खाली चित्र होतं.

अनंत पैंनी १९६७मध्ये हे का काढलं ते ठाऊक आहे का? दिल्लीत टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची नावं आली, रामाच्या आईचं नाव आलं नाही. तुला कौसल्या माहीत आहे म्हणून तू आज कंटाळू शकतेस.

उजवीकडून_डावीकडे

काका, मान्य, पण ते वाचनमालेचं काम झालं. कॉमिकचं नाही.

ताईशी माझं वेगळं भांडण आहे. 'धावल्यासारखं' म्हणे! मांगामध्ये एक ठोसा मारायला वीस पानं लागतात, ती वीस पानं म्हणजे धावणं नव्हे, थांबणं आहे. पहिल्या पानावर मूठ, दुसऱ्यावर घाम, तिसऱ्यावर नुसतं आकाश. अमर चित्र कथेत तेवढ्यात तीन राजे मरतात. वन पीस ही मांगा १९९७पासून चालू आहे, शंभराच्या वर खंड झाले. माझ्या जन्माच्या आधी सुरू झालेली गोष्ट अजून संपली नाही आणि मी अजून वाट पाहतो, याला 'पोट भरलं नाही' म्हणायचं?

काळं-पांढरं का असतं तेही सांगून टाकतो, कारण घरी सगळे विचारतात 'रंग भरायचे राहिले का'. दर आठवड्याला जाडजूड अंक स्वस्त कागदावर काढायचा, रंग परवडत नाही. त्यातून चित्रकार रेषेत सगळं करायला शिकले.

फळा_खडू

मी प्राथमिक शाळेत शिकवते, बरीच वर्षं झाली. तुम्ही सगळे आपापल्या आठवणी सांगताय, मी वर्गातलं सांगते. कॉमिक्स वाचणारं मूल उताऱ्यासमोर बसवा. तिसऱ्या ओळीला खिडकीबाहेर. चित्राशिवाय वाक्य उभंच करता येत नाही त्याला. 'पाऊस पडत होता' वाचलं की मनात पाऊस पडायला हवा, तो यांच्या मनात पडत नाही, कुणीतरी काढून द्यावा लागतो. ज्या बडोदा राज्यात १९०६मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, जिथल्या राजाने अमेरिकेतून ग्रंथपाल आणवला, तिथल्या मुलांचं वाचन बोलक्या फुग्यांवर येऊन थांबावं याचं मला वाईट वाटतं.

पस्ती_शोधक

बाई, ही भीती फार जुनी आहे. १९५४मध्ये अमेरिकेत फ्रेड्रिक वर्थम नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं पुस्तक लिहिलं, सिनेटपर्यंत सुनावण्या गेल्या, प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच नियमावली लादून घेतली. पुढे त्याचेच कागद तपासले तेव्हा कळलं की मुलांच्या मुलाखती त्याने सोयीने वाकवल्या होत्या. तुमच्या वर्गातलं मूल खिडकीबाहेर बघतं, त्याला उतारा कंटाळवाणा असणं हेही कारण असू शकतं की नाही?

आणि धागाकर्ते, नागराज अर्ध्यात सोडलास, अमर चित्र कथेला नावं ठेवलीस. पुण्याचे प्रताप मुळीक माहीत आहेत का? अमर चित्र कथेचे कितीतरी अंक त्यांच्या हातचे. १९८६मध्ये नागराज आला तेव्हा सुरुवातीचा नागराज काढणारा हातही त्यांचाच. माझ्या घरी पहिलं कपाटात मानाने असायचं, दुसरं गादीखाली. आईला शेवटपर्यंत पत्ता नव्हता की चित्रकार एकच. पिशवी पुन्हा उघड आणि दोघांचे दंड शेजारी ठेवून बघ.

कामाठीबाग_२१

बघितले. शपथ, तेच दंड आहेत! रामाचेही आणि नागराजचेही. मानलं तुम्हाला.

काका, पट्टीवर बोट ठेवून वाचण्याचं वाचलं आणि जरा ओशाळले. माझ्यावर ती वेळ आली नाही, आई रोज रात्री मराठी वाचून दाखवायची. पण राक्षसांच्या रंगाबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.

फळा_खडू मॅडम, माझ्याबाबतीत उलटं झालं. मी उतारे भराभरा वाचते, कॉमिक सावकाश वाचावं लागलं. भीमायनमध्ये चौकटी नाहीतच. व्याम दांपत्याने माणसं डब्यांत कोंबायला नकार दिला. त्यामुळे डोळा कुठे न्यायचा ते आपणच शोधायचं. आणि बोलण्याचे फुगे दोन तऱ्हेचे. गोड बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. अक्षरं वाचायच्या आधीच कळतं की आता डंख बसणार.

रावपुऱ्याचा_रिकामटेकडा

विंचू बिंचू छान. माझी शंका साधी आहे. तुला हललं ते कॉमिकमुळे की प्रसंगामुळे? आंबेडकरांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. साध्या इंग्रजीत, एकही चित्र नाही. मी तो कॉलेजात वाचला आणि मीही त्या दिवशी जेवलो नाही. कामाठी बाग तुझ्या घराजवळ आहे म्हणून तुला लागलं. उद्या हेच कोणी अमर चित्र कथेच्या पट्टीत लिहिलं असतं, 'भीमराव बागेत बसले', तरी लागलं असतं. मग श्रेय पट्टीला देणार का? आणि खुद्द अमर चित्र कथेतही बाबासाहेबांवर अंक आहे, तो वाचलास का?

कामाठीबाग_२१

तो अंक पिशवीत नव्हता, नाही वाचला. इथे माझी बाजू लंगडी आहे, कबूल.

आंबेडकरांचा मूळ लेख काल रात्री वाचला. त्यातली सराई बघा: वरच्या मजल्यावर एकटं, अंधार, वटवाघळं, आणि लपून राहायला एक खोटं नाव. ते वाचताना मला आवाज ऐकू आले. पुस्तकात ऐकू आले नव्हते. म्हणजे शब्दांनी जे केलं ते चित्रांनी केलं नाही, हे तुम्हाला देते. अकराव्या दिवशी बाहेर काढलं, हा आकडाही लेखातच माझ्या अंगावर आला.

पण लेख वाचताना मी त्यांच्या बाजूला उभी होते. चित्रात नांगी माझ्याकडे वळलेली होती. आणि दुसरं वाटलं ते वाईट होतं: या फुग्यांतलं बोलणं मी ऐकलेलं आहे. आमच्या ओळखीत, भाडेकरू ठेवताना. तेव्हा मला तो फुगा पक्ष्यासारखा वाटला होता.

जुना_भाडेकरू

हं.

सुटं_पान

मी सिंधुदुर्गातली, लग्न होऊन बडोद्यात आले, म्हणून थोडं माझ्याकडचं. आमच्याकडे पिंगुळीला चित्रकथी आहेत. सुट्या पानांवर रामायण-महाभारताचे प्रसंग रंगवलेले, एकेक पान हातात धरून समोर दाखवायचं आणि गात गात गोष्ट सांगायची. तिथे चित्रात दिसतं तेच सांगणारा गातो. राजाने तलवार उपसली की चित्रात उपसलेली असतेच, तरी तो गातो आणि लोकांच्या अंगावर काटा येतो. म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगणं हा दोष नाही. अमर चित्र कथेच्या पट्टीला गळा नाही, एवढाच दोष. काकांच्या आजीने ती मोठ्याने वाचली असती तर?

आणि मांगावाल्या भावा, चौकटीबाहेरची गोष्ट बघायला जपान कशाला, इथल्या कीर्तिमंदिरात जा. नंदलाल बोसांनी तिथे भिंतींवर महाभारत काढलंय. डोळा कुठून सुरू करायचा ते तुझ्यावर.

उजवीकडून_डावीकडे

बाहेरून शंभरदा पाहिलंय, आत गेलो नाही. रविवारी जातो. उजवीकडूनच सुरू करणार.

फळा_खडू

मत बदललेलं नाही. पण नांगीचा फुगा वर्गात फळ्यावर काढून बघणार आहे. मुलांना आधी फुगा दाखवीन, मग त्यात वाक्य लिहायला सांगीन. उताऱ्याशी बसत नाहीत, निदान एक वाक्य लिहितील.

पस्ती_शोधक

आणि ती वाक्यं आम्हाला इथे सांगा. मला भीती आहे की ती घरून आलेली निघतील.

जुना_भाडेकरू

राक्षसांच्या रंगाबद्दल बोललो नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. मला कधी दिसलंच नाही. काल नातीला घेऊन बसलो आणि माझ्याकडचे सहा अंक काढले. ती सात वर्षांची. तिने स्वतःहून विचारलं, 'आबा, हा वाईट आहे ना?' मी विचारलं, कशावरून? तिने नुसतं बोट दाखवलं. मी पान मिटलं. तरी अंक पस्तीत देणार नाही, हे सांगून ठेवतो. उपसली, म्यान, प्रत्यंचा हे शब्द तिला दुसरीकडे कुठे भेटणार?

ते व्यामांचं पुस्तक वाचायला देशील का? दांडिया बाजारात येऊन घेईन. ३२ पानांत संपतं का?

कामाठीबाग_२१

नाही काका, शंभरएक पानं आहेत आणि इंग्रजीत आहे. शनिवारी या, आई तुम्हाला सेव उसळ खाल्ल्याशिवाय सोडणार नाही. येताना ते सहा अंक आणा. तुम्ही मोठ्याने वाचा, मी ऐकते.